व्हे प्रोटीन आधी चालायचं, आता सोसत नाही: असं का होतं?

घामाघूम
नमस्कार मंडळी. जिमला जायला लागून बराच काळ झाला. ट्रेनरच्या सांगण्यावरून व्हे सुरू केलं (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर), साधं कॉन्सन्ट्रेट, चॉकलेट फ्लेवर. सुरुवातीचे कित्येक महिने काहीही त्रास नव्हता. हल्ली मात्र दोन गोष्टी होतायत. एक म्हणजे पोट तट्ट फुगतं, गॅस इतका की ऑफिसात मीटिंगला बसायची भीती वाटते. दुसरं, कधी कधी ओठ चुरचुरतात आणि मानेवर, दंडांवर पित्त उठतं. लाल गांधी, प्रचंड खाज, तास-दोन तासांत आपोआप उतरतात. रोज होत नाही, म्हणून नेमकं कशाने ते कळत नाही.
चहा, दही, पनीर सगळं खाते, त्याने काही होत नाही. ट्रेनर म्हणतो ब्रँड बदल. आई म्हणते डबा फेकून दे. इथे कुणाला असं झालंय का? इतके दिवस चाललेली गोष्ट अचानक का सोसेनाशी होते?

खवचट
आईचं ऐका. ट्रेनरला डब्यामागे कमिशन असतं, आईला नसतं.

दंडबैठक
ताई, आयसोलेट घ्या. कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, त्याने गॅस होतो. माझंही अगदी हेच होत होतं. आयसोलेटवर आलो आणि पोट शांत. थोडं महाग पडतं पण वर्थ आहे.

मिरजकर
आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं पोरं तालमीत घाम गाळायची आणि गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध तांब्याभर प्यायची. बदाम, खारीक, तूप. कुणाचं पोट फुगलेलं ऐकलं नाही. ही पावडर म्हंजे परदेशात चीज करून उरलेलं पाणी. ते वाळवून आपल्याला पाच हजाराला विकत्यात.

खवचट
@मिरजकर, ज्यांचं फुगायचं ते तालीम सोडून घरी बसले, म्हणून ऐकलं नसेल.

रानजाई
मी आहारतज्ज्ञ आहे. इथे सल्ला देते तो सर्वसाधारण समजावा, तपासणीची जागा त्याने घेऊ नये.
@घामाघूम, तुम्ही जे लिहिलंय ते एक दुखणं नाही, दोन आहेत, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.
पोट फुगणं, गॅस, जुलाब हे पचनाचं काम. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, मोठेपणी अनेकांचं कमी होत जातं. न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. त्रासदायक आहे, पण जीवावर बेतत नाही.
ओठ चुरचुरणं आणि पित्त उठणं हे वेगळं खातं. तिथे लॅक्टोजचा काही संबंध नाही, साखरेने गांधी उठत नाहीत. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. व्हेमधलं मुख्य प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, जे आईच्या दुधात नसतंच. ॲलर्जीच्या बाबतीत ते नेहमीच्या संशयितांपैकी एक.
म्हणून आयसोलेटचा सल्ला इथे धोक्याचा आहे. आयसोलेट म्हणजे लॅक्टोज आणि चरबी काढून प्रथिन आणखी दाट केलेलं. ज्याला व्हेचीच ॲलर्जी आहे त्याला आयसोलेट देणं म्हणजे आगीत तेल.
गांधी कशाने उठतात ते कळेपर्यंत पावडर बंद ठेवा आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा. आणि एक सांगा, शेक कधी घेता? व्यायामाआधी की नंतर?

दंडबैठक
@रानजाई, ॲलर्जीचं मान्य. पण गॅसचं तरी आयसोलेटने जातंच ना? माझा स्वतःचा अनुभव आहे.

आकडेमोड
@दंडबैठक, जरा हिशेब करू. कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज साधारण ४ ते ८ टक्के. ३० ग्रॅमचा स्कूप धरला तर सव्वा ते अडीच ग्रॅमच्या आसपास. दुधात लॅक्टोज १०० मिलीला पावणेपाच-पाच ग्रॅम. म्हणजे एका स्कूपमध्ये जेवढं लॅक्टोज, तेवढं अर्धा कप दाट चहातच जातं. लॅक्टोज न सोसणारे बहुतेक लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारशी तक्रार न करता पचवतात. मग दोन ग्रॅमने एवढा गोंधळ कसा होईल?
माझा प्रश्न: कॉन्सन्ट्रेट कशात घालून प्यायचात?

दंडबैठक
दुधात. मोठा ग्लास, ३०० मिली तरी असेल.

आकडेमोड
आणि आयसोलेट?

दंडबैठक
पाण्यात. ट्रेनरने सांगितलं की महागाचं आहे, पाण्यातच घे.

आकडेमोड
😀 म्हणजे १५ ग्रॅम लॅक्टोज ग्लासातून गेलं आणि श्रेय डब्याला मिळालं.

शेंगोळी
हे भारी होतं. आता पुढचा डबा घ्यायच्या आधी कुणीतरी साधं कॉन्सन्ट्रेट पाण्यात घेऊन बघा रे, निम्मे पैसे वाचतील.

गोदाकाठ
रानजाईंच्या पोस्टला दुजोरा, आणि ज्यांना हे सगळं गमतीचं वाटतंय त्यांच्यासाठी लिहिते.
माझ्या मावसभावाला लहानपणापासून दुधाची ॲलर्जी. घरात सगळ्यांना माहीत, लग्नकार्यात त्याचं ताट वेगळं असायचं. कॉलेजात जिम लावली. तिथे त्याने स्पष्ट सांगितलं, मला दूध चालत नाही. तिथल्या मुलाने सांगितलं, हे आयसोलेट आहे, यात लॅक्टोज शून्य, बिनधास्त घे. त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं, लॅक्टोज खरंच नसल्यात जमा होतं. भावाने शेकरमधून दोन-तीन घोट घेतले. आधी तळहात खाजायला लागले, मग आवाज बसला, मग उलटी. जिमच्या पायरीवर बसला होता तेव्हा पापण्या इतक्या सुजल्या होत्या की त्याला मोबाइलवर नाव शोधता येईना. शेजारच्या मेडिकलवाल्याने ओळखलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.
डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'दूध समाविष्ट' असं छापलेलं होतं. पुढच्या बाजूला मोठ्ठ्या अक्षरांत 'लॅक्टोज फ्री'. वाचतो कोण मागची बाजू.

रानजाई
@गोदाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गिळायला त्रास, आवाज घोगरा होणं, दम लागणं, चक्कर, उलटी यातलं काही गांधींच्या जोडीला आलं तर सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. सरळ इमर्जन्सी.

आकडेमोड
लेबलबद्दल थोडं. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार ॲलर्जी आणणारे घटक वेगळे लिहावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचवाले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. म्हणजे 'लॅक्टोज फ्री' काय लिहिलंय याकडे न बघता घटकांच्या यादीखालची ती एक ओळ शोधायची.

परसबाग
मी शाकाहारी, दूध सोडलेलं. वाटाण्याची प्रोटीन पावडर घेतो. चव म्हणाल तर ओल्या मातीची आहे, पण ॲलर्जीची भानगड नाही. सगळ्यांनी यावर यायला हरकत नाही.

अटलांटिकपार
@परसबाग, भानगड नाही असं नका म्हणू. मी न्यू जर्सीत असते, मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आमच्या डॉक्टरांनी वाटाणा-प्रोटीन असलेल्या वस्तूंबद्दल मुद्दाम बजावलंय. वाटाणा, मसूर, हरभरा, शेंगदाणा, सोया ही एकाच कुळातली पोरं, काहींना एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही निघते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या प्रत्येकाला वाटाणा बाधतो असं नाही, माझा मुलगा उसळ मजेत खातो. पण वाटीभर उसळीत वाटाण्याचं प्रथिन किती आणि स्कूपमध्ये किती! एकदम २० ग्रॅमहून जास्त शुद्ध अर्क पोटात जातो. आणि इथे वाटाणा सक्तीच्या ॲलर्जी-यादीत नाही, घटकांत शोधावा लागतो.

परसबाग
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. (मातीच्या चवीवर मात्र कुणी उपाय सांगितला नाही.)

शेंगोळी
@परसबाग, केळं आणि चिमूटभर जायफळ. किंवा नाक धरा.

निवृत्त_पण_व्यस्त
मूळ प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं स्वच्छ म्हटलंय. निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वरण-भात, उसळ, ताक, अंडं यातून होतात. नसलेली गरज निर्माण करायची, मग तिची ॲलर्जी येते म्हणून रडायचं.

दंडबैठक
काका, ०.८३ हे बसून काम करणाऱ्याचं झालं. वजनं उचलणाऱ्याला १.६ पर्यंत लागतं असं खेळाच्या पोषणातले लोक सांगतात. आणि वरणातून ५० ग्रॅम म्हणताय, ३० ग्रॅम कोरडी डाळ म्हणजे जेमतेम सात ग्रॅम. मेसमधल्या वरणात तर डाळ शोधायला पाणबुड्या लागतो.

निवृत्त_पण_व्यस्त
मेसच्या वरणाचा राग पावडरीवर पैसे घालवून का काढता?

दंडबैठक
मग कुणावर काढू? मेसच्या मावशी ऐकत नाहीत.

मिरजकर
सोयाबीनच्या वड्या खावा की. शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रोटीन. किलोभर आणून ठेवा, महिनाभर बघायला नको.

शेंगोळी
सोयावड्यांनी माझ्या नवऱ्याला जो गॅस होतो त्यापुढे व्हे म्हणजे अत्तर आहे.

ओवी_आणि_ज्वारी
एक बाजू राहिली म्हणून लिहिते. मला सिलिॲक आहे, गव्हा-जवातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर खराब होतं, म्हणून गहू-जव बंद. निदान व्हायच्या आधी मलाही दूध आणि प्रोटीन पावडर दोन्ही सोसेनासं झालं होतं. सगळे म्हणत होते लॅक्टोज, लॅक्टोज. दूध सोडलं, थोडं बरं वाटलं, त्यामुळे खरं कारण आणखी लांबलं. आतड्याचं अस्तर खराब झालं की लॅक्टेज तिथेच तयार होत असल्यामुळे तेही कमी पडतं. गहू बंद केल्यावर अस्तर भरून आलं आणि आता मी दही-दूध आरामात घेते.
तेव्हा आधी चालायचं, आता चालत नाही असं असेल तर मधे काय घडलं ते आठवून बघा. मोठा जुलाबाचा आजार, जिआर्डियासारखा पोटातला परजीवी, अँटिबायोटिकचा लांब कोर्स? त्यानंतर काही काळ दूध सोसत नाही आणि मग पुन्हा सोसायला लागतं. आणि 'प्रोटीन'च्या नावाखाली मिळणाऱ्या कित्येक डब्यांत माल्ट असतं, म्हणजे जव. आजारपणातून उठलेल्यांना जे डबे भेट देतात त्यांची यादी वाचा एकदा.

निवृत्त_पण_व्यस्त
@ओवी_आणि_ज्वारी, हे मात्र कामाचं. माझ्या बायपासनंतर असे सहा डबे आले होते घरी. नातवंडांनी संपवले.

कट्टेकरी
आमच्या जिममध्ये रक्ततपासणीचं पॅकेज देतायत, दोनशे पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट. @घामाघूम, ती करून टाका, एका फटक्यात सगळं कळेल.

रानजाई
नका करू. त्या बहुतेक आयजीजी नावाच्या प्रतिपिंडाच्या तपासण्या असतात. आयजीजी वाढलेलं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढाच अर्थ. ॲलर्जीतज्ज्ञांच्या युरोप-अमेरिकेतल्या संघटनांनी या तपासण्या अन्नाच्या ॲलर्जीसाठी वापरू नका असं सांगितलंय. ॲलर्जी बघायची ती आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाने किंवा त्वचेवरच्या प्रिक टेस्टने, लॅक्टोज बघायचं ते हायड्रोजन ब्रेथ टेस्टने. दोनशे पदार्थांच्या यादीत गहू, दूध, तूर, टोमॅटो सगळं लाल येतं आणि माणूस भाकरी-मिठावर येतो.

घामाघूम
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते.
शेक पाण्यातच घेते. सकाळी जिमनंतर लगेच ऑफिस गाठायचं असतं म्हणून शेक आधी घेते, जिमला पोचेपर्यंत रस्त्यातच. पित्त बहुधा जिममध्ये असतानाच उठतं, ट्रेडमिल किंवा सर्किटच्या दिवशी जास्त. रविवारी व्यायाम नसतो तरी शेक घेते, तेव्हा आजवर कधी गांधी उठल्याचं आठवत नाही. ओठ मात्र रविवारीही चुरचुरतात.
मध्ये गुडघा दुखत होता म्हणून वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. मोठा आजार वगैरे नाही.
आणि हो, दुपारी भूक लागते म्हणून प्रोटीन बार खाते. त्याचा उल्लेख राहिला.

रानजाई
व्यायामाचं जे लिहिलंय ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. काही लोकांत एखादा पदार्थ नुसता खाल्ला तर काही होत नाही किंवा किरकोळ होतं, पण खाऊन दोन-चार तासांत व्यायाम केला की जोरदार प्रतिक्रिया येते. गव्हाच्या बाबतीत हे जास्त नोंदलं गेलंय, पण इतर पदार्थांतही होतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि दारूनेही प्रतिक्रियेचा उंबरठा खाली येतो. 'रोज होत नाही' याचं उत्तर इथे असू शकतं.
चहा-पनीर चालतं याचंही एक संभाव्य कारण आहे. आपण दूध खळखळून उकळतो. व्हेमधली प्रथिनं उष्णतेने बरीच विस्कटतात, केसीन टिकून राहतं. पनीर आणि चक्क्यातून तर व्हेचा काही भाग पाण्याबरोबर निघूनही जातो. त्यामुळे ज्यांची ॲलर्जी फक्त व्हेची आहे अशा काहींना उकळलेलं दूध चालतं आणि पावडर बाधते. पण हे घरी प्रयोग करून तपासायचं नाही.

आकडेमोड
आणि त्या बारचं वेष्टन उलटून बघा. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, इन्युलिन किंवा चिकोरी रूट फायबर दिसेल. यातलं बरंचसं लहान आतड्यात शोषलंच जात नाही, थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची मेजवानी. 'शुगर फ्री' आणि 'हाय फायबर' या दोन शब्दांमागे गॅसचं मोठं कोठार असतं.

शेंगोळी
आत्ता स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याचा बार बघितला. घटक क्रमांक दोन माल्टिटॉल, क्रमांक चार इन्युलिन. मी उगाच सोयावड्यांना बदनाम केलं.

कट्टेकरी
पावडरीत तरी काय आहे देव जाणे. आपल्याकडच्या ३६ पावडरी तपासल्याचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला होता, त्यात जवळजवळ ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही सापडलं. मग ॲलर्जी दुधाची की कशाची हे कसं कळणार?

आकडेमोड
@कट्टेकरी, रास्त शंका. म्हणून तर डबा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावं. फ्लेवर, रंग, सोया लेसिथिन, वरून घातलेली पपेन-ब्रोमेलेनसारखी पाचक एन्झाइम्स, यातलंही काही निघू शकतं. ब्रँड बदलून बदलून बघण्यात हाच घोळ होतो: एका वेळी दहा गोष्टी बदलतात.

प्रशासक
दोन प्रतिसाद उडवले आहेत. पावडरींच्या विक्रीच्या लिंका इथे टाकू नयेत.

खवचट
ॲलर्जीच्या धाग्यावर पावडर विकायला येणाऱ्याच्या चिकाटीला सलाम.

घामाघूम
धागा वर काढतेय. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीची कुठलीही गोळी घ्यायची नाही असं सांगितलं होतं, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते.
हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करून थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोचलं. दूध, अंडं, गहू, सोया, शेंगदाणा आणि माझ्या डब्यातली पावडर पाण्यात कालवून. पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही. गव्हाजवळ काही नाही, सोया काही नाही, दुधाच्या थेंबाजवळ छोटीशी गांध. पावडरीच्या थेंबाजवळ मात्र चांगली नाण्याएवढी, खाजवायची इतकी इच्छा होत होती की दुसऱ्या हातावर बसले. रक्तात दुधातल्या वेगवेगळ्या प्रथिनांचं आयजीई बघितलं: बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन पॉझिटिव्ह, केसीन निगेटिव्ह.
व्हे पूर्ण बंद, आयसोलेट आणि हायड्रोलाइज्ड (प्रथिनाचे आधीच तुकडे केलेलं) सुद्धा. चहा, दही, पनीर आजवर सोसत आलंय म्हणून चालू ठेवायला सांगितलं, पण व्यायामाआधी नाही. कच्चं किंवा न उकळलेलं दूध नको. मोठेपणी अशी ॲलर्जी उद्भवणं फारसं नेहमीचं नाही, पण होतं, असं म्हणाले. का झालं याचं ठाम उत्तर त्यांनी दिलं नाही.
आणि पोट? व्हे बंद केल्यावरही फुगतच होतं. बार सोडल्यावर थांबलं.

दंडबैठक
म्हणजे गॅस बारचा आणि गांधी पावडरीच्या. रानजाईताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये दोन दुखणी म्हणून सांगितलं होतं. मानलं.

मिरजकर
म्हशीचं दूध तरी चालंल का मग?

रानजाई
@मिरजकर, नाही हो. गाय, म्हैस, शेळी, तिघींच्या दुधातली प्रथिनं एकमेकींशी फार मिळतीजुळती असतात. कट्ट्यावरचं धारोष्ण तर अजिबातच नाही, ते उकळलेलंही नसतं.

निवृत्त_पण_व्यस्त
आता प्रथिनांचं काय करणार आहात?

घामाघूम
सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी डब्यात मटकी नाहीतर चवळी, संध्याकाळी सातूच्या पिठाचं पाण्यातलं ताकाशिवायचं पेय, लिंबू-जिरं-काळं मीठ घालून. भाजलेल्या हरभऱ्याच्या सातूत शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. ट्रेनर नाराज आहे. आई फुशारली आहे, घरात राहणं अवघड झालंय.

सायकलवाला_ठाणे
पूर्ण धागा वाचला. माझ्या पुतण्याला, वय १६, व्हे घेतल्यापासून पाठीवर आणि खांद्यांवर मोठाले मुरूम येतायत. ही पण ॲलर्जी म्हणायची का?

रानजाई
@सायकलवाला_ठाणे, ती ॲलर्जी नाही, पण व्हे आणि मुरमांचा संबंध त्वचारोगतज्ज्ञांनी बऱ्याच रुग्णांत पाहिलाय. महिना-दोन महिने बंद ठेवून बघा, आणि डबा घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. जिममधून दुसरं काही 'मसल'साठी मिळतंय का हेही त्याला शांतपणे विचारा. स्टेरॉइडनेही पाठीवर असेच मुरूम येतात.

सायकलवाला_ठाणे
दुसऱ्याचा विचारच केला नव्हता. आज रात्री बोलतो त्याच्याशी.